घेवडा

फेब्रुवारीत एका गुरुवारी ऑर्मरॉड हो म्हणाले.
वॉर्डातल्या चादरींच्या खोलीत उभी राहून
मी फोन कानाशी धरला होता,
आणि एजंटचा पोरगा, टोकदार बुटांचा, म्हणाला,
बारा आठवडे. फार तर चौदा.
मी बोटांवर मोजलं: मे.
मेमध्ये माझ्या दाराला माझी किल्ली.

टॉडमॉर्डनच्या त्या चढावरच्या गल्लीत
पाटी लागली: विकले आहे.
आणि खाली बारीक अक्षरांत: करार व्हायचा आहे.
त्या बारीक अक्षरांत आम्ही सगळे राहायला गेलो.

आधी बँकेचा माणूस आला,
भिंतीला ओलाव्याचं यंत्र लावलं. यंत्र किंचाळलं.
मग खाणींचा दाखला:
घराखाली कुणी कधी कोळसा खणला होता का?
मग गटारांचा. मग चर्चचा,
की कुठल्याशा जुन्या कायद्यानं
त्याचं गळकं छप्पर माझ्या माथी येतं का.
मागच्या कुंपणाचा मालक कोण, हे तर
कुंपणालाही माहीत नव्हतं.
माझ्या वकीलीणबाई, मिसेस ग्रिमशॉ,
दर सोमवारी रजेवर असायच्या
आणि दर मंगळवारी म्हणायच्या, येत्या शुक्रवारी कळेल.

घोडं कुठं पेंड खातंय ते मेअखेर कळलं.
ऑर्मरॉड जाणार मोरकॅमला, समुद्राकाठच्या बंगलीत,
बंगलीतल्या बेरिल कॅटरॉल जाणार लेकीकडे,
लेकीनं मागल्या अंगणात खोली बांधायला काढलेली,
आणि गवंड्याचा खांदा निखळलेला.
कुणा अनोळखी माणसाच्या खांद्यावर
एवढी बिऱ्हाडं.

त्या रविवारी पडदे मोजायला गेले
तर ऑर्मरॉड परसात, रिकाम्या वाफ्याकडे बघत.
"दर वर्षी इथं घेवडा लावतो," म्हणाले.
"यंदा लावू की नको, कळेना.
लावला तर शेंगा तुमच्या,
नाही लावला तर गवतही तुमचंच."
कपबशा वर्तमानपत्रात गुंडाळून खोक्यात गेल्या होत्या.
बाहेर एकच कप. तो त्यांनी मला दिला
आणि स्वतः मुरंब्याच्या बरणीतून चहा प्यायले.

मग दोघांनी मिळून लावला.
कायद्यानं त्यांची माती, बेतानं माझी.
काठ्या त्यांनी रोवल्या, सुतळी मी बांधली.
नंतर रात्रपाळी उतरून मी दर रविवारी जायची,
पाणी घालायला नव्हे, ते काम तिथं आभाळच करतं,
गोगलगायी वेचायला.

लाल फुलं आली तोवर
बँकेच्या व्याजाचा कागद मुदत संपून मेला.
नवा आला, जास्त भुकेला.
घरमालक जिन्यात गाठून विचारायचा, ठरलं का काही?
मी म्हणायची, शुक्रवारी.

ऑगस्टात आम्ही मागच्या पायरीवर बसून
शेंगांचे दोर काढले, निम्म्या त्यांच्या, निम्म्या माझ्या.
तेव्हा त्यांनी सांगितलं,
वरच्या खोलीची खिडकी पावसात फुगते,
आधी उचलायची, मग लोटायची.
नोरा ह्याच पायरीवर बसून बूट काढायची, तेही सांगितलं,
आणि मग बराच वेळ शेंगाच मोडत राहिले.
ह्यातलं काहीच कुठल्या दाखल्यात नव्हतं.

उरलेल्या शेंगा वेलावरच जून झाल्या.

ऑक्टोबरात, शुक्रवारीच,
बारा वाजून चाळीस मिनिटांनी पैसे पोचले.
किल्ली दुसऱ्याच पोरानं दिली.
टोकदार बुटांचा केव्हाच नोकरी सोडून गेला होता.

ओट्यावर तो एक कप, धुऊन पालथा घातलेला.
बरणीत वाळलेलं बी, जांभळ्यावर काळे ठिपके,
आणि गॅसच्या बिलाच्या पाठीवर लिहिलं होतं:
मेचा मध्य उलटल्याशिवाय लावू नका. हिम पडतं.

बाहेर पाऊस.
मी वर गेले.
खिडकी फुगली होती.
उचलली, मग लोटली.